सगळ्यात कमी आकड्याची खोली

२२ जून, रविवार, भर दुपार. रक्कम अठरा हजार पाचशे रुपये, पैकी नऊ हजार जागेवर रोख. हजर असलेली माणसं: माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, माझी बायको, माझी सतरा वर्षांची मुलगी, मी, आणि हातात मीटर घेऊन आलेला एक गृहस्थ, जो स्वतःला घरातल्या लहरींचा सल्लागार म्हणवत होता. ठिकाण लातूर, अक्काच्या घरातली बसायची खोली. नऊ हजार मी दिले. दाजी खिशात हात घालत होते, पण पोर माझी होती, म्हणून मी दिले. उरलेले फरक पडल्यावर द्यायचे असं ठरलं.

नावं कुणाचीच लिहीत नाही. बाकीची सगळी माझ्या नात्यातली आहेत आणि त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. त्या सल्लागाराचं व्हावं असं वाटतं. पण त्याच्यासारखे गावोगाव फिरतायत, आणि एकाचं नाव छापलं की लोक तेवढ्या एकालाच टाळतात.

मी नांदेडला राहतो. विष्णुपुरीला पाटबंधारे खात्यात नोकरी. धरणातली पातळी, साठा, सोडलेलं पाणी यांचे आकडे लिहायचे आणि वर पाठवायचे, हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यानं एक खोड लागली. आकड्यापुढं एकक लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा धरत नाही. घरात या खोडीची चेष्टा होते. होऊ दे.

मुलगी बारावीला गेली आणि तिनं लातूरचा क्लास धरला. नांदेडला क्लास नाहीत असं नाही, पण तिच्या मैत्रिणी तिकडं चालल्या होत्या आणि अक्काचं घर तिथं होतंच. राहण्या-जेवण्याचे पैसे द्यायचा विषय मी काढला तेव्हा दाजी रागावले. “भाची माझ्या घरात दोन घास खाणार आन् मी त्याचे पैसे घेणार? मला गावात तोंड दाखवायचंय का न्हाई?” मी तो विषय सोडला. पुढं जे झालं त्यात ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या घरात आपली मुलगी फुकट जेवते, त्या घरात, तेही बहिणीच्या नवऱ्यासमोर, आमच्याकडं कुणी आवाज चढवत नाही.

पंधरा दिवसांत मुलीचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी, कपाळावर, डोळ्यांच्या वर. मी फोनवर म्हणालो, डोळे तपासून घ्या. अक्का म्हणाली, “डोळ्याचं न्हाई रे, समोरच्या टॉवरचं हाय.” टॉवर म्हणजे गल्लीच्या पलीकडं, तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभा असलेला मोबाईलचा टॉवर. त्या गल्लीत काहीही झालं तरी टॉवरनंच होतं. कुणाची साखर वाढली, टॉवर. कुणाच्या दारातला नारळ वाळला, टॉवर. नारळाला उन्हाळाभर कुणी पाणी घातलं नव्हतं. लातुरात स्वतःला प्यायला पाणी पुरवायचं की नारळाला?

तर अक्काच्या शेजारणीनं या सल्लागाराचा पत्ता दिला आणि आम्ही दोघं नवराबायको त्या रविवारी नांदेडहून गेलो.

माणूस चांगला बोलायचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात काळी डबी. डबीवर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे आणि खाली बदलणारा आकडा. तो घरभर फिरला. टीव्हीजवळ लाल. फ्रीजजवळ लाल. मिक्सर चालू करायला लावला, डबी बोंबलायलाच लागली. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ती आधी पिवळी होती. त्यानं हात जरा तिरका केला, लाल झाली. त्याच हाताच्या मनगटावर त्याचं फोनला जोडलेलं घड्याळ होतं. मी म्हणालो, घड्याळ काढून बघा. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

“याचं एकक काय आहे हो?” मी विचारलं.

“साहेब, चौकात लाल दिवा लागला की तुम्ही एकक विचारता का पोलिसाला?”

सगळे हसले. दाजी सगळ्यात जास्त. “पाव्हणं, तुम्ही धरणावर पाणी मोजता म्हणून हितं बी मोजायलाव का? जरा त्येंना काम करू द्या.”

“मी फक्त विचारतोय, दाजी.”

“विचारा की. पर त्येंची फी चालू हाय, तुमची पगारी सुट्टी हाय.”

पुन्हा हशा. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्याचा ग्लास उचलला.

शेवटी तो आतल्या खोलीत गेला. ही खोली देवघराच्या मागं आहे. तिला खिडकी नाही. भिंतीत वर एक झरोका, तेवढाच. अक्का तिथं वर्षाचं धान्य ठेवते. दाजींची शेती निलंग्याच्या बाजूला आहे. तिथून ज्वारी येते ती पुरुषभर उंचीच्या पत्र्याच्या कोठीत, आणि तूर, गहू टिपांमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पिंपांत. डबी तिथं हिरवी झाली. आकडा उतरत उतरत शून्याजवळ आला.

“बघा,” तो म्हणाला. “घरातला सगळ्यात कमी आकडा. लेकीला इथं झोपवा, अभ्यासही इथंच.” मग त्यानं कोठीवर बोटं वाजवली. “आणि हे तर फारच उत्तम. पत्रा लहरी अडवतो. पलंग कोठीला टेकवून लावा.”

झरोका त्याला खटकला. तो टॉवरच्या दिशेला होता. पिशवीतून त्यानं चंदेरी कागद काढला, स्टुलावर चढला, झरोका आतून बंद केला आणि चारी कडांना चिकटपट्टी मारली. एवढ्या कामाचे, शिवाय टीव्ही, फ्रीज आणि सगळ्यांच्या फोनवर लावायच्या चकत्यांचे मिळून अठरा हजार पाचशे.

आता माझं मत सांगतो, कारण नंतर मला पुष्कळांनी विचारलं, की मग तुमचं म्हणणं काय, घरातल्या विजेनं आणि टॉवरनं काहीच होत नाही का? मी काही शास्त्रज्ञ नाही. मिळालं तेवढं वाचलं. माणसं अजून तपासतायत, काही शंका शिल्लक आहेत, आणि शंका आहे तोवर तपासत राहिलं पाहिजे. पण घरातली उपकरणं आणि गच्चीवरचा टॉवर यांच्यापासून जेवढं आपल्या अंगावर येतं, तेवढ्यानं कुणाचं डोकं दुखतं याचा भरवशाचा पुरावा मला कुठं सापडला नाही. तारेपासून दोन पावलं लांब गेलं की तिचा प्रभाव झपाट्यानं उतरतो, हे सापडलं. चकतीनं काही अडतं, हे कुठंही सापडलं नाही. आणि चकती खरंच लहरी अडवत असती तर फोन लागलाच नसता. चकती लावलेल्या फोनवरून दाजी निलंग्याच्या गड्याशी रोज अर्धा तास बोलत होते.

हे मी त्या दिवशी बोललो नाही. जेवण झालं, पलंग आत सरकवला. मुलीला खोली आवडली, कारण तिथं टीव्हीचा आवाज येत नव्हता. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

जुलैत पाऊस लागला. दमट हवेनं ज्वारीत सोंडे दिसायला लागले, दरवर्षीसारखे. आणि दाजींनी दरवर्षीसारख्या खतं-बियाणांच्या दुकानातून गोळ्या आणल्या. आमच्या भागात त्यांना नुसतं ‘धान्यातल्या गोळ्या’ म्हणतात. हवेतला ओलावा लागला की त्यांच्यातून विषारी वायू सुटतो आणि किडे मरतात. त्या बंद गोदामासाठी, जाणत्या माणसानं वापरायच्या असतात. मिळतात मात्र सुट्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून, ज्यावर एक अक्षर सूचना नसते. अक्का त्या फडक्यात बांधून कोठीत टाकते. तिच्या सासूनं असंच केलं. पण सासूची कोठी गावाकडं वेगळ्या खोलीत होती, झाकण शेणामातीनं लिंपलेलं, वर पत्रे, पत्र्याखाली हातभर फट, आणि त्या खोलीत कुणी झोपत नव्हतं. लातूरच्या घराला स्लॅब आहे. कोठीचं झाकण दर दोन-तीन दिवसांनी दळणासाठी उघडायचं. आणि हवा जायला जो एक झरोका होता, तो आम्ही पैसे देऊन बंद करून घेतला होता.

यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते मुलीच्या फोनवरून.

“पप्पा, मळमळायलंय सकाळपासून.”

“काय खाल्लंस?”

“आत्याचंच जेवण. आणि खोलीत लसणासारखा वास येतो.”

मागून अक्काचा आवाज आला, “आगं, फोडणीचा हाय त्यो! एवढं नाजूक नाक कुणाचं घेतलीस, आईचं का बापाचं?”

दाजींनी तिला ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं. पित्त म्हणून गोळ्या मिळाल्या. दाजींनी सल्लागारालाही फोन केला. तो म्हणाला, शरीरातल्या जुन्या लहरी बाहेर पडताना असा त्रास होतो, खोली बदलू नका, दारही लावून घेत जा. हे वाक्य मला नंतर कळलं. मी कितीदा तरी ते मनात म्हणून बघितलंय. दारही लावून घेत जा.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा चहा चालू होता आणि अक्काचा फोन आला. ती नुसती रडत होती. फोन दाजींनी घेतला. “पाव्हणं, निघा. पोरगी उठंना. दवाखान्यात आणलंय.”

लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक गावाला बायको दाजींना फोन लावत होती.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी तरुण डॉक्टर भेटले. दाजी त्यांना टॉवरचं सांगत होते, मीटरचं, चकत्यांचं. डॉक्टरांनी मधेच थांबवलं.

“मुलगी झोपते त्या खोलीत धान्य आहे का?”

“हाय की. ज्वारी हाय.”

“गोळ्या टाकल्यात?”

दाजी म्हणाले, “त्या तर दरसाल टाकतो आमी.”

“खिडकी?”

याचं उत्तर माझ्या बायकोनं दिलं. “झरोका होता. आम्ही बंद करून घेतला.”

डॉक्टर म्हणाले की पावसाळ्यात त्यांच्याकडं असे पेशंट येतात, म्हणून ते आधी हेच विचारतात. या विषाला उतारा नाही. हृदय आणि रक्तदाब सांभाळायचा, बाकी तिच्या शरीरानं स्वतः सावरायचं. “जास्त गेलं नसावं,” ते म्हणाले. “दाराखाली फट असेल.” त्यांनी अक्कालाही तपासून घेतलं, कारण ती त्या खोलीत रोज जाऊन यायची आणि तिलाही आठवडाभर गरगरत होतं. ती मात्र वयामुळं असेल म्हणून कुणाला बोलली नव्हती. दाजींना त्यांनी सांगितलं की कोठीला कुणी हात लावू नका, दारं उघडी टाका आणि घरात कुणी झोपू नका.

दोन दिवस मुलगी त्या यंत्रांच्या मध्ये होती. तिसऱ्या दिवशी तिनं चहा मागितला आणि तिला डॉक्टर देत नाहीत म्हणून रागावली. तिला रागावलेलं बघून माझी बायको पहिल्यांदा रडली.

निघताना डॉक्टरांनी तिचे डोळेही तपासून घ्यायला सांगितलं. चष्म्याचा नंबर लागला. जूनमधलं डोकं त्यानं दुखत होतं.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून सल्लागाराला फोन लावला. मी आयुष्यात कुणाला इतकं ओरडून बोललो नव्हतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“साहेब, ताई बऱ्या आहेत ना? मग झालं. माझा मीटर लहरी मोजतो. त्या खोलीत लहरी नव्हत्याच. माझं माप बरोबर होतं.”

मला राग येतो तो या वाक्याचा, कारण ते खोटं नाही. त्या खोलीत लहरी नव्हत्या. जे होतं ते मोजायचं त्याच्याकडं काही नव्हतं आणि विचारायचं त्याला सुचलं नाही. त्यानं कोठीवर बोटं वाजवली आणि आत काय आहे हे विचारलं नाही. घरातल्या आरोग्याचे पैसे घेणारा माणूस! त्यानं चूल बघितली नाही, संडासची खिडकी बघितली नाही, डासांची अगरबत्ती कुठं जळते ते बघितलं नाही. ज्यात त्याचा माल खपत नाही ते त्याला दिसतच नाही.

नांदेडला परत आल्यावर बायकोनं पहिल्यांदा आमचा गव्हाचा डबा उपसला. हदगावहून तिच्या माहेरचा गहू येतो. तळाशी फडक्याच्या दोन पुरचुंड्या निघाल्या. तो डबा वर्षानुवर्षं आमच्याच पलंगाखाली असतो. तिनं आईला फोन लावला आणि म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी गहू नको.” तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन लवकर संपला.

मुलीचं सामान आणायला मी एकटाच लातूरला गेलो. कोठी दाजींनी टेम्पोत घालून शेतावर पाठवली होती. झरोक्यावरचा चंदेरी कागद मात्र तसाच होता. मी स्टुलावर चढून तो फाडला. दाजी दारात उभे राहून बघत होते.

गल्लीत त्यांनी मुलीला डेंग्यू झाल्याचं सांगितलं होतं. आणि त्याच गल्लीत त्या माणसानं आणखी घरांत झरोके बंद केले होते, हे अक्कानंच मला सांगितलं. शेजारणीच्या घरी तर क्लासची दोन पोरं भाड्यानं राहत होती.

“दाजी, हे शेजारी सांगायला पाहिजे.”

“काय सांगता? आमच्या ज्वारीनं भाची मरत होती म्हणून? पाव्हणं, जरा इज्जतीचा इचार करा.”

“त्या पोरांच्या आईबापांनी कशाचा विचार करायचा?”

बहिणीच्या घरात मी दाजींना असं पहिल्यांदाच बोललो. ते आत गेले. मी शेजारच्या घराची कडी वाजवली आणि सगळं सांगितलं. शेजारीण ऐकून म्हणाली, “आमच्याकडं तसलं न्हाई व्हायचं भाऊ, आमच्या गोळ्या चांगल्या कंपनीच्या हायत.” मागं उभ्या असलेल्या दोन पोरांपैकी एकानं मात्र माझ्यासमोरच वर चढून झरोक्याचा कागद ओढून काढला. ती त्याच्यावर ओरडली, त्या कामाला साडेअठरा हजार मोजलेत म्हणून. तो म्हणाला, “काकू, मग भाड्यात धरा.” मी त्याच्या वडिलांचा नंबर मागून घेतला आणि दारातूनच फोन लावला. ते त्या रविवारी येऊन दोघांना घेऊन गेले.

अक्का मला पायऱ्यांवर भेटली. तिच्या हातात मुलीचा टॉवेल होता, दोरीवर राहिलेला.

“आरं, म्या काय ईख घातलं का तिला?”

“तसं कोण म्हणालं, अक्का?”

“शेजारणीची पोरं आता जाणार. गल्लीत सगळी तसंच म्हणतील.”

मी तिला सांगितलं की तूही त्याच हवेत होतीस, तुलाही झालं होतं. ती म्हणाली, “मला झालं असतं तर बरं होतं.” मला तिचा राग यायला हवा होता का कीव, ते आजही ठरवता येत नाही. मी टॉवेल घेतला आणि रिक्षात बसलो. तेव्हापासून ती फोनवर मुलीशी बोलते, माझ्याशी नाही.

मुलगी आता क्लासजवळच्या वसतिगृहात आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. त्यातल्या एका खिडकीतून टॉवर दिसतो. तिला त्याचं काही वाटत नाही. पायऱ्या चढताना अजून दम लागतो. डॉक्टर म्हणतात, जाईल.

सप्टेंबरात गल्लीनं टॉवर हटवण्याचा अर्ज केला. अर्जावर पहिली सही दाजींची. सह्या त्यांच्याच ओट्यावर झाल्या आणि दाजींनी त्या सल्लागाराला मुद्दाम बोलावून घेतलं. तो मीटर घेऊन आला, टॉवरच्या दिशेनं डबी धरली, दिवा लाल झाला. मग दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आमच्या भाचीला जे झालं ते या टॉवरनंच झालं, ह्या माणसानं आधीच सांगितलं होतं, आपल्याला खोली बदलायला उशीर झाला. हे मला मुलीनं सांगितलं. ती त्या दिवशी आत्याला भेटायला गेली होती आणि ओट्यावरच बसली होती. तिच्याकडं बोट दाखवून ते बोलले. ती उठून आत गेली.

दवाखान्याला मी भरले अठ्ठेचाळीस हजार सातशे. वसतिगृहाच्या बाईंना पहिल्या तिमाहीचे एकवीस हजार. आणि त्या सल्लागाराला राहिलेले नऊ हजार पाचशे मिळाले. दाजींनी दिले, ओट्यावर, सगळ्यांसमोर, मोजून.